संडास धुवायला फ्रान्सला कशाला?

गेल्या महिन्यात याच पानावर एका मातेचं पत्र छापून आलं होतं. मुलगा नुकताच पदवीधर झालेला. फ्रान्समध्ये तेझे नावाच्या ठिकाणी ख्रिस्ती तरुणांची शिबिरं भरतात, तिथे तो उन्हाळ्यात स्वयंसेवक म्हणून जायचं म्हणतो. मातेचा सवाल असा की, तिथे मुलांना भांडी घासायला आणि संडास धुवायला लावतात म्हणे, वर पगार नाही. एवढे पैसे खर्चून, विमानात बसून, संडास धुवायला फ्रान्सला कशाला?

पत्र वाचून काही वाचक हसले असतील. मी हसलो नाही. प्रश्न सरळ आहे आणि त्याचं उत्तर सरळच द्यायला हवं. मी स्वतः तेझेला गेलेलो नाही, पण माझ्या हाताखाली शिकलेली तीन मुलं जाऊन आली. त्यांच्याकडून तासन्‌तास ऐकलं आणि जे वाचायला मिळालं ते वाचलं. त्यावरून लिहितो.

ताई, तुम्ही ऐकलं ते खरं आहे. संडास धुवावे लागतात.

तेझे हे पूर्व फ्रान्सच्या बुर्गुंडी प्रांतातलं, टेकडीवरचं एक लहानसं खेडं. क्लुनीचा प्रसिद्ध मठ तिथून जवळच. 1940 साली, दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, रॉजर शुट्झ नावाचा पंचवीस वर्षांचा स्विस तरुण तिथे आला. प्रॉटेस्टंट पाळकाचा मुलगा. त्याने एक पडकं घर घेतलं आणि जर्मनांच्या तावडीतून पळणाऱ्यांना आसरा द्यायला लागला. त्यांत ज्यू होते. 1942 मध्ये नाझी पोलिसांना सुगावा लागला आणि त्याला दोन वर्षं जिनिव्हात काढावी लागली. युद्ध संपत आलं तेव्हा परत आला. आता तेझेच्या आसपास कैद्यांच्या छावण्या होत्या, पण आतले कैदी होते जर्मन. ज्यांच्या भीतीने काल लोकांना लपवलं, त्यांनाच रविवारी घरी बोलावून जेवू घालू लागला. गावकऱ्यांना ते कसं वाटलं असेल, याचा विचार करून बघा.

1949 च्या ईस्टरला सात जणांनी आयुष्यभराचं व्रत घेतलं. पुढे त्यांना कॅथलिक बंधूही येऊन मिळाले. आज पंचवीस-तीस देशांतले, वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांतले बंधू एकत्र राहतात. आपल्याकडे एकाच गावात दोन पंथांची दोन चर्चेस असली तर नाताळच्या शुभेच्छासुद्धा फोनवरून दिल्या जातात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. हे बंधू स्वतःसाठी देणगी घेत नाहीत. मातीची भांडी घडवतात, पुस्तकं काढतात, त्यावर त्यांचं चालतं. वाडवडिलांची इस्टेटसुद्धा ठेवून घेत नाहीत. ब्रदर रॉजर 2005 च्या ऑगस्टमध्ये सायंप्रार्थनेच्या वेळी, भर चर्चमध्ये, एका मनोरुग्ण बाईच्या हातून मारले गेले. तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते.

आता त्या चर्चबद्दल थोडं, कारण आपल्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. चर्चचं नाव ‘समेट’ या अर्थाचं आहे. 1962 साली ते उभं राहिलं आणि बांधकामाला हात लागले ते जर्मन तरुणांचे. 1958 मध्ये जर्मनीत एक संस्था निघाली होती, तिच्या नावाचा अर्थच ‘प्रायश्चित्ताची खूण’ असा. आपल्या देशाने ज्यांना पोळलं त्यांच्या दारी जायचं आणि हाताने काहीतरी बांधून द्यायचं, हे तिचं काम. भाषण नाही, माफीनामा नाही, घमेलं आणि थापी. तेझेची अंगमेहनत अशी आली आहे. शिबिराचा खर्च वाचवण्यासाठी मुलांना राबवून घेतात, असा समज कुणी करून घेऊ नये. (खर्चही वाचतो, ते खोटं नाही.)

शिबिराचा आठवडा रविवारपासून रविवारपर्यंत. उन्हाळ्यात एकेका आठवड्याला काही हजार मुलं-मुली असतात. दिवसातून तीन वेळा प्रार्थना, सकाळी बायबलवर एखाद्या बंधूचं विवेचन, मग लहान गटांत बोलणं. गाणी छोटी, चार-दोन शब्दांची, पुन्हा पुन्हा म्हणायची. पॅरिसचे एक ऑर्गनवादक झाक बेर्तिए यांनी त्यांतली बरीच बांधली. आपल्याही चर्चमध्ये उपवासकाळात त्या चाली वाजतात, नाव ठाऊक नसतं एवढंच. शुक्रवारी रात्री क्रूस जमिनीवर आडवा ठेवतात आणि एकेक जण त्यावर कपाळ टेकतो. शनिवारी सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या. जेवण अगदी साधं, एक चमचा आणि एक वाडगा. चहासुद्धा वाडग्यातून. आमच्या एका पठ्ठ्याने पहिल्याच आठवड्यात लोणच्याची बाटली संपवली आणि आईला फोन केला, तेव्हा तिने सांगितलं, ‘आता गाणी म्हण.’

आठवडाभरासाठी आलेला प्रत्येक जण काही ना काही काम करतो. कुणी जेवण वाढतं, कुणी मोठाली पातेली घासतं, कुणी चर्च झाडतं, कुणी संडास-न्हाणीघरं धुतं. तुमच्या मुलासारखे जे जास्त दिवस राहतात, त्यांच्याकडे या टोळ्या चालवण्याची जबाबदारी येते. दर रविवारी नवीन माणसं. त्यांना ब्रश कुठे आणि बादली कुठे हे सांगायचं, आणि स्वतः पुढे होऊन सुरुवात करायची. मुलींच्या आईवडिलांना काळजी असते म्हणून सांगतो, शेजारच्या गावात सेंट अँड्र्यूच्या धर्मभगिनी 1966 पासून राहतात आणि मुलींची देखभाल त्याच करतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. राहण्या-जेवणाची सोय तिथे होते, विमानाचं तिकीट आपलं. आधी पत्रव्यवहार करून आमंत्रण यावं लागतं, आणि ते आपल्या धर्मगुरूंच्या ओळखीने झालं तर उत्तम. शेंगेन व्हिसा 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा. फी 90 युरो, शिवाय प्रवास-विमा लागतो. मधल्या कुठल्याही एजंटाला एक रुपया देऊ नका. आणि ‘एकदा युरोपात पोचलो की पुढचं पुढे बघू’ असा विचार मुलाच्या मनात असेल, तर त्याला घरीच ठेवा. गोव्याकडच्या ज्या भावंडांचे पोर्तुगीज पासपोर्ट आहेत त्यांची गोष्ट निराळी. आपला मुलगा मुदत संपूनही तिथेच राहिला, तर त्याच्यामागून जाणाऱ्या दहा मुलांची वाट बंद होते.

आता संडासाकडे येतो.

माझी एक विद्यार्थिनी, हल्ली बँकेत आहे, ती गेली तेव्हा पहिले दोन आठवडे तिच्या वाट्याला नेमकी हीच टोळी आली. तिच्याबरोबर एक जर्मन मुलगा होता, इंजिनिअरिंगला असलेला, आणि एक पोलिश मुलगी. ती मला म्हणाली, ‘सर, पहिल्या दिवशी मला ओकारी आली. त्या दोघांना वाटलं मी आजारी आहे. मी आजारी नव्हते. माझ्या हातांनी हे काम कधी केलंच नव्हतं. घरी आईने कधी करू दिलं नाही, आणि शाळेत, हॉस्टेलला कुणीतरी यायचं.’

त्या जर्मन मुलाला संडास धुणं म्हणजे कंटाळवाणं काम, बस्स. भांडी घासण्यापेक्षा थोडं वाईट. आपल्या मुलीला ते काम म्हणजे कोण माणसं करतात, हे जन्मापासून ठाऊक. म्हणूनच त्या मातेच्या पत्रातला ‘संडास’ हा शब्द मला झोंबला. ‘भांडी घासायला लावतात’ एवढंच ऐकलं असतं, तर त्यांनी पत्र लिहिलं असतं असं मला वाटत नाही.

ख्रिस्ती लोकांत जात नाही, असं आपण शेजाऱ्यांना सांगतो. लग्नाची बोलणी निघाली की कळतं. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी 2016 च्या डिसेंबरात दलितांविषयीचं आपलं धोरण प्रसिद्ध केलं, त्यात आपल्या ख्रिस्तसभेत भेदभाव आहे असं त्यांनीच कबूल केलं. मैला साफ करायला माणसं लावण्याविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली आणखी कडक झाला, आणि अजून गटारात उतरलेली माणसं गुदमरून मरतात. दर पवित्र गुरुवारी आपले फादर बारा जणांचे पाय धुतात. 2016 पासून त्यात स्त्रियाही असू शकतात. ते बारा जण घरून साबण लावून पाय घासून येतात, हे मी चाळीस वर्षं बघत आलोय. येशूच्या काळात पाय धुणं हे गुलामाचं काम होतं, म्हणून पेत्र दचकला. आपल्याला दचकायला होत नाही, कारण पाय स्वच्छ असतात.

हे परदेशातून शिकून येण्यासारखं आहे का? बेळगावकरांनी तरी तसं म्हणू नये. 1924 च्या डिसेंबरात टिळकवाडीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते इथे. त्या अधिवेशनात संडास-सफाईसाठी स्वयंसेवकांचं पथक होतं, जबाबदारी काका कालेलकरांकडे, आणि पथकातले बहुतेक ब्राह्मण. गांधीजींनी त्याचं मनापासून कौतुक लिहून ठेवलंय. नगरपालिकेचे सफाई कामगार होतेच, त्यांच्या जोडीला हे पथक होतं. त्यांना काढून टाकून नव्हे. हा ‘जोडीला’ शब्द महत्त्वाचा आहे, तो का ते सांगतो.

ती विद्यार्थिनी परत आली आणि तिने धर्मग्रामातल्या युवक मंडळासमोर विषय काढला. फेस्ताच्या दिवशी हजारभर माणसं जेवतात, त्या दिवशीचे संडास आपण धुवू या. (कुठलं धर्मग्राम ते लिहीत नाही. कुठलंही असू शकलं असतं.) मंडळातल्या बावीस जणांपैकी चार तयार झाले. एका मुलाची आई येऊन त्याला हाताला धरून घेऊन गेली. एका ज्येष्ठ सभासदाने सांगितलं, ‘कशाला? आपली बाई आहे की!’

आपली बाई म्हणजे वर्षानुवर्षं मागच्या फाटकातून येणारी. तीही ख्रिस्तीच, पण तिचं ताट मांडवाच्या मागे. मुलं तिला सांगायला गेली तेव्हा तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, ‘मग माझी त्या दिवसाची मजुरी?’

एवढा साधा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. तेझेत कुणाची मजुरी बुडत नाही, कारण तिथे ते काम मजुरीचं नाहीच. इथे चार सुशिक्षित मुलांनी हौसेने ब्रश हातात घेतला, फोटो काढला आणि घरी गेली, तर एका घरची चूल त्या दिवशी विझते. आपल्याकडच्या श्रमदानाच्या पुष्कळ कार्यक्रमांत हे असं होत असणार. तेझेचा कित्ता जसाच्या तसा इथे गिरवता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं की, बाईंना त्या दिवसाची पूर्ण मजुरी, नेहमीपेक्षा दोनशे जास्त, आणि काम सगळ्यांनी मिळून. काय आधी, काय नंतर, फिनेल किती, हे बाईंनी सांगायचं. त्या दिवशी टोळीच्या प्रमुख त्या. मुलीने मला नंतर सांगितलं की, तेझेत महिनाभर काम करून जे आलं नव्हतं ते बाईंनी तासाभरात शिकवलं. पाणी कुठून मारायचं ते.

जेवणाच्या वेळी बाई पंगतीत बसायला तयार होईनात. मुलं दोन्ही बाजूंना बसली तेव्हा बसल्या, पण नीट जेवल्या नाहीत, मला दिसत होतं. समोरच्या रांगेतली दोन माणसं उठून दुसरीकडे गेली. ती दोघं दर रविवारी पहिल्या बाकावर असतात.

तर ताई, मुलाला जरूर पाठवा. पण तो जायच्या आधी एक करा. निघेपर्यंत घरचा संडास त्याने धुवावा, रोज, तुम्ही नव्हे. तेवढं जमलं तर तिथे त्याला ओकारी येणार नाही, आणि गाणी म्हणायला दम राहील. सोबत लोणचं द्या, पण प्लॅस्टिकच्या डब्यात, आणि झाकणाला टेप लावून. आमच्या पठ्ठ्याच्या दुसऱ्या बाटलीचं तेल सगळ्या कपड्यांवर सांडलं होतं.

त्या धर्मग्रामाचं फेस्त यंदाही आहेच. सफाईच्या यादीत आतापर्यंत सात नावं आली आहेत. हाताला धरून नेलेल्या मुलाचं नाव त्यांत आहे, त्याच्या आईला ठाऊक आहे की नाही ते मी विचारलेलं नाही. जेवणाच्या पंगतीचं काय करायचं, यावर पॅरिश कौन्सिलची बैठक पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आहे.