प्रश्न उद्भवत नाही

डिसेंबर उजाडला की मेहरूणची बोरे जळगावच्या बाजारात येऊ लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास मंत्री, आमदार, सचिव आणि त्यांची दफ्तरे असा राज्याचा सारा लवाजमा हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरास मुक्कामाला जातो. बोरांच्या बागा आता पूर्वीइतक्या राहिल्या नाहीत, तलावाच्या कडेने वस्ती सरकत आली आणि मेहरूण हे गाव शहराच्या पोटात केव्हाच सामावून गेले. परंतु नागपूर कराराने घालून दिलेला अधिवेशनाचा शिरस्ता मात्र १९६० पासून चालू आहे, आणि त्या अधिवेशनावर येणाऱ्या मोर्चांचाही. या मोर्चांत गेल्या दहा-बारा वर्षांत वारंवार दिसलेला एक वर्ग म्हणजे ग्रामपंचायतींतील संगणक परिचालक. मेहरूणच्या रहिवाशाला त्यांची फारशी ओळख असण्याचे कारण नाही, कारण त्याला दाखला हवा असेल तर तो महानगरपालिकेच्या कचेरीत जातो. शिरसोलीच्या रस्त्याने शहराची हद्द ओलांडली की मात्र ग्रामपंचायतींचा मुलूख सुरू होतो, आणि तिथे सरकारदरबारच्या बहुतेक वाटा याच माणसाच्या टेबलावरून जातात.

हे टेबल एकदा नीट पाहावे. घरपट्टीची आकारणी दाखवणारा नमुना आठचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, रहिवासाचा दाखला, ग्रामपंचायतीचा जमाखर्च, विकास आराखड्यातील कामांची माहिती हे सारे याच संगणकावर चढवायचे असते, आणि ते करीत असता समोर माणसांची रांग उभीच असते. रांगेतल्या एखाद्या बाईचा अंगठा यंत्र घेत नाही. जन्मभर कापूस वेचून आणि केळीच्या बागेत राबून अंगठ्यावरच्या रेषाच पुसट झालेल्या असतात. मग परिचालक तिला पदराने अंगठा पुसायला सांगतो, दुसरे बोट ठेवून पाहतो, पुन्हा पहिले बोट, आणि एवढे करून ठसा उमटलाच तर नेमका तेव्हा ‘सर्व्हर डाऊन’ होतो. २०१७ सालच्या शेतकरी कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरून घेण्याचा हुकूम सुटला, त्यात नवराबायको दोघांचेही ठसे मागितलेले होते. तेव्हा दिवसा न चालणारी यंत्रणा रात्री तरी चालेल या आशेने गावोगावची केंद्रे उशिरापर्यंत उघडी राहिली होती. मंत्रालयात योजना जाहीर होताना ज्या यंत्रणेचा अभिमानाने उल्लेख होतो, ती यंत्रणा म्हणजे शेवटी हा माणूस आणि त्याच्यापुढचा तो संगणक.

या व्यवस्थेचा प्रारंभ २०११ साली ‘संग्राम’ या नावाने झाला. राज्य सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी यांची संयुक्त कंपनी असलेल्या ‘महाऑनलाइन’कडे तिचे काम होते. पुढे २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ हे नवे नाव आले आणि काम केंद्राच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सीएससी ई-गव्हर्नन्स या कंपनीकडे गेले. नावे पालटली, कंपनी पालटली, टेबलामागचा माणूस बहुतेक ठिकाणी तोच राहिला. पैशाची व्यवस्था मात्र बारकाईने पाहण्याजोगी आहे. वित्त आयोगाकडून गावाच्या विकासासाठी जो निधी येतो, त्यातून प्रत्येक केंद्रामागे दरमहा १२,३३१ रुपये द्यावयाचे, असे ठरले, आणि त्यातून परिचालकाच्या हाती पडावयाचे मानधन होते ६,००० रुपये. उरलेली रक्कम साहित्य, देखभाल, व्यवस्थापन आणि कर अशा बाबींकडे वळावयाची. वर्षाचा हिशेब मांडला तर गावाने १,४७,९७२ रुपये द्यायचे आणि काम करणाऱ्याला ७२,००० मिळायचे. आणि राज्यभरात अशी वीस हजार केंद्रे धरली तर पहिला आकडा २९५ कोटींच्या पुढे जातो. एवढा पैसा गावांच्या खात्यातून निघत असताना मानधन महिनोन्‌महिने थकल्याच्या तक्रारी मात्र प्रत्येक मोर्चात ऐकू येत राहिल्या. यंत्राला खर्च येतो हे कोणीही नाकारणार नाही. कागद, शाई, दुरुस्ती यांना पैसे लागतातच. प्रश्न एवढाच की, त्या उरलेल्या सहा हजारांतून गावाला नेमके काय मिळाले, हे त्या गावाच्या ग्रामसभेला कधी सांगितले गेले काय?

त्याच ग्रामपंचायतीत काम करणारा शिपाई आणि पाणीपुरवठा कर्मचारी किमान वेतनाच्या कक्षेत येतात. परिचालक येत नाही, कारण त्याला मिळते ते वेतन नसून मानधन, आणि तो कागदोपत्री ग्रामपंचायतीचा नोकरच नव्हे. म्हणूनच ग्रामपंचायतीच्या आकृतिबंधात आपले पद निर्माण करावे आणि किमान वेतन द्यावे, ही परिचालकांची मागणी असून, तिच्यासाठी ते ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसंबंधीच्या यावलकर समितीच्या अहवालाचा हवाला देत आले आहेत. संविधानाच्या ३९व्या अनुच्छेदात समान कामाला समान वेतनाचे तत्त्व आहे. कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा कायदा झाला. आणि पंजाब सरकारविरुद्ध जगजितसिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी असे ठरवले की, नियमित नोकराचेच काम करणाऱ्या तात्पुरत्या नोकरालाही त्या पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळाले पाहिजे. परंतु या निर्णयाचा लाभ मागायचा तर तुलनेला नियमित पद हवे, आणि इथे पदच निर्माण केलेले नाही. यापेक्षा सोयीस्कर गैरसोय कोणत्या सरकारला सुचली असती!

न्यायालयाची वाट अशी अडली की उरते ते विधिमंडळ, आणि विधिमंडळातले सर्वांत जुने शस्त्र म्हणजे प्रश्न. तो विचारण्याचा अधिकार हिंदी सभासदांना १८९२ च्या कायद्याने मिळाला. उत्तर ऐकून पुन्हा उपप्रश्न विचारण्याची मुभा मिळायला १९०९ साल उजाडावे लागले. मत देण्याचा अधिकार नसतानाही गोपाळ कृष्ण गोखल्यांनी २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर जे भाषण केले, त्यात सरकारच्याच आकड्यांनी सरकारला असे दाखवून दिले की, खजिन्यातली शिल्लक ही रयतेच्या सुबत्तेची खूण नव्हे. मजुरांच्या बाजूने हेच काम नारायण मल्हार जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात १९२१ पासून पाव शतकाहून अधिक काळ केले. ते सरकारनियुक्त सभासद होते, मतदारसंघ नव्हता, पक्ष नव्हता. तरी १९२१ सालच्या त्यांच्या ठरावातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा निघाला, आणि ज्या शाही आयोगाच्या कामानंतर १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला, त्या आयोगावरही ते होते. मजुरी वेळेवर द्यावी एवढीच त्या कायद्याची मूळ अपेक्षा. परिचालकाच्या थकलेल्या मानधनाकडे पाहिले की ती अपेक्षा अजून जुनी झालेली दिसत नाही.

आजच्या तारांकित, म्हणजे तोंडी उत्तरासाठी विचारलेल्या, प्रश्नाला एक ठरीव साचा असतो. पहिला भाग, अमुक गोष्ट घडली ‘हे खरे आहे काय’; दुसरा, ‘असल्यास’ शासनाने कोणती कार्यवाही केली; आणि अखेरचा, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरांचाही साचा तितकाच पक्का: ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘बाब तपासण्यात येत आहे’, आणि सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे ‘प्रश्न उद्भवत नाही’. प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. बाकीच्यांची उत्तरे छापून सभागृहाच्या पटलावर जातात आणि तिथेच राहतात. म्हणून प्रश्नाची बांधणी महत्त्वाची. ‘परिचालकांना अल्प मानधन मिळते हे खरे आहे काय’ असे विचारले तर ‘मानधनवाढीची बाब विचाराधीन आहे’ एवढ्यावर मंत्री सुटतात. ‘ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणावर किती खर्च झाला’ असे विचारले तर एक मोठा आकडा मिळतो, आणि मोठा आकडा ऐकून सभागृह खूष होते. एक प्रश्न माणसाचा, दुसरा यंत्राचा. एकाचे उत्तर ग्रामविकास खाते देणार, दुसऱ्यासाठी माहिती तंत्रज्ञान खात्याकडे बोट दाखवले जाणार, आणि किमान वेतन म्हटले की कामगार खाते. या तीन खात्यांच्या फटींतून परिचालक नेहमी निसटत आला आहे. माझ्या मते, ज्या आमदाराला खरोखर उत्तर हवे आहे त्याने दोन्ही रकमा एकाच प्रश्नात, एकमेकींशेजारी मागाव्यात, आणि त्याही एका तालुक्यापुरत्या. राज्याच्या आकड्यात सारे झाकले जाते. तालुक्याच्या आकड्यात गावांची नावे येतात.

असा प्रश्न लावून धरणे खान्देशाला अधिक सोपे असावयास हवे होते. २०२२ ते २०२४ या काळात ग्रामविकास खाते जामनेरच्या गिरीश महाजनांकडे होते, म्हणजे मोर्चेकऱ्यांपैकी जळगाव जिल्ह्याचे परिचालक आपल्याच जिल्ह्याच्या मंत्र्याकडे दाद मागत होते. शिवाय नाशिक विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत जळगाव, धुळे व नंदुरबार येत असल्यामुळे विधान परिषदेतही या भागाचा आवाज आहे, आणि या परिचालकांत पदवीधरही असतात. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन हवेत विरत नाही. त्याची नोंद होते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. एखाद्या सभासदाने ते आश्वासन पुढच्या अधिवेशनात तारखेनिशी पुन्हा वाचून दाखवले तर खात्याला फाईल काढावीच लागते.

२०२४ साली मानधन वाढून १०,००० रुपयांवर गेले. परिचालकांच्या घरात त्याचा आनंद झालाच असेल, आणि तो व्हावा. पण पदनिर्मितीची मागणी होती तिथेच राहिली. आणि पुढच्या तारांकित प्रश्नात घालण्याजोगी एक बाब या वाढीनेच पुढे आणली आहे: वाढलेल्या रकमेचा बोजा राज्याच्या तिजोरीने उचलला, की गटारीसाठी, शाळेच्या दुरुस्तीसाठी आणि दिवाबत्तीसाठी आलेल्या गावाच्याच निधीतून तो कापून घेतला, आणि असल्यास, कोणत्या तालुक्यातील कोणत्या ग्रामपंचायतीकडून किती?