परदेशातली मास्तरकी आणि दिलेला शब्द

वाशिम जिल्ह्यात डी.एड., बी.एड. झालेल्या मुला-मुलींची कमतरता नाही. कमतरता आहे ती जागांची. टीईटी पास व्हायची, पवित्र पोर्टलवरील भरतीची वाट पाहायची आणि तोवर कारंजा, रिसोड किंवा मंगरुळपीरच्या एखाद्या खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर इंग्रजी शिकवायचे, हे कितीतरी घरांचे चित्र आहे. अशा घरी एक दिवस एजंटाचा फोन येतो. शारजा, मस्कत, जेद्दाह किंवा मालदीवमध्ये इंग्रजीचा शिक्षक हवा आहे. पगार किती, पैसे किती भरायचे आणि निघायचे कधी, हे तीन प्रश्न घरातील सगळे विचारतात. आपण तिथे नेमके काय कबूल करून चाललो आहोत, हा चौथा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारत नाही.

परक्या मुलखातील नोकरीची एक हकीकत कुरआनच्या सूरह कससमध्ये आहे. मिस्रमधून निघालेले ह. मूसा (अ.) मदयनला पोहोचले, तेव्हा त्यांची तिथे कोणाशी ओळख नव्हती. तेथील बुजुर्गांनी त्यांच्यापुढे आठ वर्षे चाकरी करण्याची अट ठेवली. दहा पूर्ण केली तर ती त्यांची मर्जी. आपण तुम्हाला कष्टात टाकू इच्छित नाही, असेही त्या बुजुर्गांनी सांगितले. अल्लाहला साक्षी ठेवून बोलणे पक्के झाले आणि ह. मूसा (अ.) मुदत पूर्ण करूनच आपल्या घरच्यांसह निघाले. मुदत, मोबदला आणि मालकाची जबाबदारी हे सारे त्या बोलण्यात आधीच ठरले होते. सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या हुकमाने होते, आणि कुरआनमधील सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. तरीही आपल्याकडे ‘भाई ओळखीचा आहे’ एवढ्यावर विमानात बसणारे कमी नाहीत.

शिकलेल्या माणसाची यात एक वेगळीच अडचण होते. दहावी न झालेला मजूर आखाती देशांसह अठरा देशांपैकी कुठेही कामाला निघाला, तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार त्याला सरकारची परवानगी लागते, आणि त्यासाठी त्याचा करार ई-मायग्रेटवर पाहिला जातो. दहावीच्या पुढे शिकलेल्याला ही परवानगी लागत नाही. म्हणजे गवंडीकाम करायला निघालेल्याचा कागद कोणीतरी वाचतो, पण बी.एड. झालेल्या मास्तरांचा कागद त्यांच्याशिवाय कोणीच वाचत नाही. तो त्यांनीच वाचला पाहिजे. इंग्रजी शिकवायला निघालेल्या माणसाला इंग्रजीतला करार वाचायचा कंटाळा यावा, याचे आम्हाला नवल वाटते.

आता पैशांबद्दल. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे भारत सरकारची नोंदणी असावी लागते आणि त्याला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणी ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येते. संयुक्त अरब अमिरातीचा २०२१ चा कामगार कायदा तर भरतीचा खर्च मालकानेच करावा, तो कामगाराकडून वसूल करू नये, असे सांगतो. असे असताना आईचे दागिने गहाण ठेवून किंवा शेत विकून लाखांत रक्कम मोजली जाते. करार मोडण्याची सुरुवात आम्हाला इथेच दिसते. डोक्यावर कर्ज घेऊन गेलेला शिक्षक पहिल्या महिन्यापासून दोनशे दिरहम जास्त देणारी शाळा शोधू लागतो. त्याचे लक्ष वर्गात कसे लागणार?

नोकरी खरी असेल, तर शाळा कामाचा व्हिसा काढते. ‘आधी व्हिजिटवर या, मग पाहू’ म्हणणाऱ्याला तिथेच नकार द्यावा. नोकरीच्या नावाने थायलंडमार्गे म्यानमारमध्ये नेलेल्या आणि तिथे ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांनी परत आणावे लागले.

आपल्या वऱ्हाडातील नावांचीही एक गंमत आहे, पण ती महागात पडते. ‘शेख अमुक शेख तमुक’ हे नाव सनदेवर एका क्रमाने, आधारवर दुसऱ्या आणि पासपोर्टवर तिसऱ्याच क्रमाने असते. मुलींच्या पासपोर्टवर तर कित्येकदा आडनावाची जागा कोरीच असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाकारला, तेव्हा अनेकांची धावपळ झाली. अमिरातीसाठी बी.एड.च्या सनदेचे साक्षांकन राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाचा दूतावास अशा टप्प्यांनी होते. त्यामुळे नावाची दुरुस्ती आधी करून घ्यावी. अनुभवाचा खोटा दाखला जोडण्याचा सल्ला एजंट सहज देतो. त्या दाखल्यावर मिळालेल्या पगाराला हलाल कमाई म्हणायचे का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

करारात मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगवेगळे पाहावे. अमिरातीत एक वर्ष पूर्ण केल्यावर नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. भत्ते फुगवलेले असले, तर ही रक्कम आटते. चाचणीचा काळ तिथे सहा महिन्यांहून जास्त असू शकत नाही. त्या काळात देश सोडायचा असेल तर १४ दिवसांची आणि तिथल्याच दुसऱ्या मालकाकडे जायचे असेल तर महिन्याची लेखी सूचना द्यावी लागते. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे तिथेही बेकायदा आहे आणि सौदीतही. शाळेने पगार थकवला किंवा कागद अडकवले, तर तेथील कामगार खात्याकडे आणि आपल्या दूतावासाकडे जाणे हा हक्क आहे. त्याला नमकहरामी म्हणू नये.

पण शाळा आपला शब्द पाळत असताना सुट्टीला म्हणून गावी यायचे आणि परत जायचेच नाही, हे आम्हाला अजिबात पटत नाही. गोदामातला हमाल गेला तर दुसऱ्या दिवशी दुसरा येतो. जानेवारीत इंग्रजीचे सर गेले, तर तीस-चाळीस मुलांचे वर्ष अधांतरी लटकते. शिवाय सौदीत कामावरून गायब झालेल्याची ‘हुरूब’ म्हणजे पळून गेल्याची नोंद होते आणि ती पुढे नडते. शिकवणीचेही तसेच आहे. आपल्याकडे संध्याकाळी ट्यूशन घेणे कोणाला खटकत नाही. अमिरातीत परवान्याशिवाय ते चालत नाही, आणि डिसेंबर २०२३ पासून त्यासाठी दोन वर्षांचा मोफत परवाना मिळतो. वर्गातल्या मुलांचे फोटो काढून स्टेटसला ठेवणे, छडी उगारणे या इथल्या सवयी इथेच सोडून जाव्यात.

जाणारी मुलगी असेल, तर घरात आधी वेगळीच चर्चा होते. सोबत कोण, राहणार कुठे, लोक काय म्हणतील. राहण्याची व्यवस्था शाळेकडून लेखी घ्यावी, हे आम्हीही म्हणू. पण तिचा पगार शरीअतनुसार तिचा आहे, ही गोष्टही तितकीच स्पष्टपणे आधी बोलली जावी. भावाच्या दुकानासाठी तिने अमुक वर्षे तिथे राहावे, असा करार तिच्या सहीशिवाय घरात होऊ नये. आणि जाणारा नवरा असेल, तर बायको-मुलांचा नफका दर महिन्याला किती आणि कोणाच्या खात्यावर, हे निघण्यापूर्वी ठरवावे. सासूच्या हातून खर्चाला पैसे मागणाऱ्या सुनेला परदेशच्या पगाराचे काय कौतुक?

इथली शाळाही एक करार आहे, हे सहसा विसरले जाते. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार कायम शिक्षकाने तीन महिन्यांची आणि इतरांनी एक महिन्याची आगाऊ सूचना द्यायची असते. अमिरातीतील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणजे कायम शिक्षकाचा राजीनामा डिसेंबर संपण्यापूर्वी मुख्याध्यापकांच्या टेबलावर हवा. दहावीची परीक्षा तोवर आटोपते. मार्चमध्ये अचानक बोलावणे आलेच, तर ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होतात, तिथे अर्ज करता येतो.