बायपीसी म्हणजे फक्त डॉक्टरकी नव्हे

हैदराबादच्या नारायणगुड्यात ज्युनिअर कॉलेजं आणि कोचिंग क्लासेसची दाटी आहे. मराठवाड्याचे न्या. केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली उभी राहिलेली केशव मेमोरियल संस्थाही इथलीच. दहावीचा निकाल लागला की इथल्या मराठी घरांत एमपीसी (गणिताची शाखा) की बायपीसी (जीवशास्त्राची) यावर खल सुरू होतो. शेतीचं नाव निघतं ते ‘कुठेच नंबर लागला नाही तर’ म्हणून. चांगल्या मुलांची वाट त्यामुळे अडते, म्हणून शेतीच्या शिक्षणाबद्दलचे गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज : बी.एस्सी. कृषीसाठी अकरावी-बारावीला शेती हाच विषय लागतो.
वस्तुस्थिती : लागत नाही. तेलंगणात इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, बायपीसी घेऊन ईएपीसेट ही प्रवेश परीक्षा द्यायची. तिच्या १६० प्रश्नांपैकी ८० वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्राचे असतात. त्या रँकवर राजेंद्रनगरच्या प्रा. जयशंकर कृषी विद्यापीठाचा प्रवेश ठरतो. शाळेपासूनच शेती शिकायची असेल, तर सीबीएसईत ती ८०८ क्रमांकाचा कौशल्य विषय म्हणून आहे.

गैरसमज : शेती घेतली की नीटला बसता येत नाही.
वस्तुस्थिती : नीटसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. सीबीएसईत हे चार ठेवून शेती जोडीला घेतली, तर काहीही बिघडत नाही. इंटरच्या व्होकेशनल शाखेतला पीक उत्पादनाचा कोर्स मात्र वेगळा. तिथून विज्ञानाच्या पदवीकडे वळायचं तर ब्रिज कोर्सचे विषय पुरे करावे लागतात. हे प्रवेशाआधीच विचारून घ्या.

गैरसमज : हा अभ्यासात कच्च्या मुलांचा विषय.
वस्तुस्थिती : उगवणक्षमतेची साधी चाचणी पाहा. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या कागदावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करायची, ओल टिकवायची आणि आठवड्याने सशक्त कोंब मोजायचे. प्रमाणित बियाण्यात भाताचे किमान ८० उगवावे लागतात, सोयाबीनचे ७०. सोयाबीनला ही सूट का? त्याचं टरफल पातळ असतं. मळणीत किंवा पोतं आपटल्यावर आतला गर्भ दुखावतो. या एका प्रश्नात बीजशास्त्र, यंत्र आणि साठवण तिन्ही आले, आणि उत्तर चुकलं तर मराठवाड्यातल्या शेतकऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते. हे काम कच्च्या डोक्याचं नाही.

गैरसमज : गावाकडे जमीन नसेल तर शिकून उपयोग काय?
वस्तुस्थिती : बँकांतलं कृषी क्षेत्र अधिकारी हे पद कृषी व संलग्न पदवीधरांसाठीच असतं, आणि तिथे सातबारा कोणी मागत नाही. बियाणे कंपन्या, माती परीक्षण, पीक विमा, कृषी खातं ही दारंही उघडी असतात. त्यात हैदराबादसारखं शहर नाही : भात, भरडधान्यं आणि तेलबिया या तिन्ही राष्ट्रीय संशोधन संस्था राजेंद्रनगरला आहेत, तर १९७२ साली स्थापन झालेली इक्रिसॅट पटांचेरूला. लोक आवडीने खातात तो ‘तेलंगणा सोना’ हा तांदूळही राजेंद्रनगरच्याच शास्त्रज्ञांचा.

गैरसमज : बारावी तेलंगणात केली, आता परभणी-राहुरी विसरा.
वस्तुस्थिती : महाराष्ट्राच्या कोट्याला अधिवासाच्या अटी आहेत, हे खरं. पण राज्यांच्या कृषी विद्यापीठांतल्या २० टक्के जागा भारतीय कृषी अनुसंधान परिषद देशपातळीवर भरते. २०२३ पासून त्यासाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्या गुणांवर नारायणगुड्याचं मूल परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचाही पर्याय भरू शकतं. मात्र फॉर्मची मुदत बारावीच्या निकालाआधीच संपते, म्हणून तारखांवर लक्ष ठेवा.

आपल्यापैकी कित्येकांच्या मागच्या पिढ्या मराठवाड्यातून, शेतीवर पोट भरणाऱ्या घरांतून इथे आल्या. मुलाला जीवशास्त्राची गोडी असेल तर नीटच्या शेजारी ईएपीसेट आणि सीयूईटीचेही फॉर्म भरा, आणि कृषीचा पर्याय शेवटी ढकलू नका. मुलाचं मन तिथे असेल तर तो पहिलाच लिहा.