कलेचा इतिहास : पाठांतराचा नव्हे, पाहण्याचा

उत्तर स्पेनमधील आल्तामिरा येथील गुहेत १८७९ साली मार्सेलिनो सान्झ दे साउतुओला हे हौशी संशोधक जमीन उकरून आदिमानवाची दगडी हत्यारे शोधीत होते. बरोबर त्यांची लहान मुलगी होती. वडिलांची नजर जमिनीवर खिळलेली. मुलीची मात्र छताकडे गेली आणि तेथे तिला तांबड्या व काळ्या रंगांत रंगवलेले रानबैल दिसले. साउतुओला यांनी पुढच्याच वर्षी पुस्तिका प्रसिद्ध करून ही चित्रे अश्मयुगीन माणसाने काढलेली असल्याचे प्रतिपादन केले. त्या काळच्या नामांकित पुरातत्त्वज्ञांनी हे म्हणणे धुडकावून लावले. इतकेच नव्हे, तर ही चित्रे अलीकडे कोणाकडून तरी काढून घेतलेली असावीत, असा संशयही घेतला गेला. त्यांचा मुख्य आक्षेप मोठा चमत्कारिक होता. चित्रे फार चांगली होती! दगड घासून हत्यारे करणाऱ्या रानटी माणसाला इतकी सफाई येणे शक्यच नाही, असे विद्वानांनी आधीच ठरवून टाकले होते. साउतुओला १८८८ साली निधन पावले. पुढे फ्रान्समध्येही तशाच चित्रांच्या गुहा सापडत गेल्या, तेव्हा १९०२ साली प्रमुख विरोधक एमिल कार्तैयाक यांनी जाहीर लेख लिहून आपली चूक कबूल केली. पण ज्यांच्यावर अन्याय झाला होता, ते ती कबुली वाचण्यास हयात नव्हते.

कलेच्या इतिहासाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने ही हकीकत प्रथम लक्षात ठेवावी. पुरातत्त्वज्ञांची विद्वत्ता कमी पडली नव्हती; त्यांच्या मनात जी ठाम समजूत होती, तिने डोळ्यांवर मात केली होती. दुर्दैवाने तीच समजूत आजही आपल्या वर्गांतून, मार्गदर्शिकांतून आणि सामान्य वाचकाच्या मनात ठाण मांडून बसलेली आहे.

शिडीची कल्पना

ही समजूत म्हणजे कलेची वाटचाल एखाद्या शिडीसारखी आहे, ही होय. सर्वांत खालच्या पायरीवर गुहेतील माणसाची ओबडधोबड चित्रे, मग प्राचीन संस्कृती, मग मध्ययुग, वर युरोपातील प्रबोधनकाळ आणि त्यानंतर आधुनिकांचा गोंधळ, अशी ही मांडणी असते. तिचे एक मूळ जॉर्जो व्हासारी यांनी १५५० साली प्रसिद्ध केलेल्या इटालियन कलावंतांच्या चरित्रग्रंथात सापडते. कला बाल्यावस्थेतून वाढत जाऊन आपल्या काळात पूर्णत्वाला पोहोचली, असा त्यांचा अभिप्राय होता. स्वतःच्या शतकाविषयी आणि स्वतःच्या गावाविषयी कोणालाही असे वाटू शकते. परंतु एका माणसाची ही आवड पुढे सगळ्या जगाची फूटपट्टी होऊन बसली, हा खरा अनर्थ झाला.

या फूटपट्टीने भारतीय कलेचेही मोजमाप झाले. जॉर्ज बर्डवूड यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. या गृहस्थांनी मुंबईत अनेक वर्षे काढली होती, येथील सरकारी वस्तुसंग्रहालयाचे काम पाहिले होते आणि हिंदी कारागिरीवर त्यांचे मनापासून प्रेम होते. असे असूनही १९१० साली लंडनमधील एका सभेत त्यांनी हिंदुस्थानात ललित कला म्हणण्यासारखे काही नाहीच असे मत मांडले आणि बुद्धाच्या एका शांत मूर्तीची तुलना खाण्याच्या पदार्थाशी केली. भांडी, कापड, दागिने यांची पारख असलेल्या माणसाला मूर्ती दिसली नाही, कारण ती त्याच्या शिडीवर कोठेच बसत नव्हती. या प्रसंगाने दुखावलेल्या मंडळींनी त्याच वर्षी लंडनमध्ये ‘इंडिया सोसायटी’ स्थापन केली आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती प्रसिद्ध करण्यासारखी मोलाची कामे हाती घेतली.

शिडीची ही कल्पना पुराव्यापुढे टिकलेली नाही. फ्रान्समधील शोव्हे गुहा १९९४ साली उजेडात आली. तेथील सर्वांत जुनी चित्रे सुमारे ३६ हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे आल्तामिराच्या छतापेक्षा कितीतरी जुनी मानली जातात. आणि तरीही त्यांतील सिंहांना व गेंड्यांना छायेने दिलेला गोलवा पाहून आजचा चित्रकारही थबकतो. भारतात तर मिर्झापूर परिसरातील शैलचित्रे आर्चिबाल्ड कार्लाइल यांना १८६७-६८ सालीच, म्हणजे आल्तामिराच्या आधी, आढळली होती; पण त्यांचे महत्त्व कोणी ओळखले नाही. पुढे उज्जैनचे विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली भीमबेटका उजेडात आणले. तेथे एकाच खडकावर एका काळाच्या चित्रांवर दुसऱ्या काळाची चित्रे चढलेली आहेत. रानजनावरांच्या चित्रांनंतर फार मोठ्या अवधीने घोडेस्वारांच्या लढाया रंगवल्या गेल्या. पण नंतरची चित्रे आधीच्यांहून सरस आहेत, असे मुळीच म्हणता येत नाही. काळ पुढे गेला, गरजा बदलल्या, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

एका निळ्या रंगाची साक्ष

मग कलेचा इतिहास शिकावयाचा म्हणजे काय करावयाचे? राजे, शतके आणि शैली यांचा तक्ता पाठ करणे हे त्याचे उत्तर नव्हे. तक्ता उपयोगी असतो. पण तो खुंटीसारखा, कपडा टांगण्यापुरता. वस्तूसमोर उभे राहून तिला प्रश्न विचारणे, हा खरा अभ्यास होय. ही वस्तू कशाची केली आहे? ती कोणी, कोणाच्या पैशाने आणि कशासाठी केली? आणि ती पाहणाऱ्याने कोठे उभे राहावे अशी करणाऱ्याची अपेक्षा होती?

अजिंठ्याच्या भिंतींना हे प्रश्न विचारून पाहावेत. खडकाच्या खडबडीत पृष्ठावर माती, तूस, गवताचे तंतू यांचा गिलावा दिला गेला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला गेला आणि तो सुकल्यावर रंग भरले गेले. तांबडी व पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुना हे रंग सहज मिळणारे होते. मात्र नंतरच्या काळातील लेण्यांत जो गडद निळा रंग दिसतो, तो लाजवर्द या दगडाचा आहे. आणि हा दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येत असे. वाघूर नदीच्या घळीतील एका भिंतीवर निळा रंग भरण्यासाठी केवढा मोठा प्रदेश ओलांडून दगड आणावा लागला! त्यामागे व्यापाऱ्यांचे तांडे आले, सुरक्षित मार्ग आले आणि खर्च सोसणारे दातेही आले. सोळाव्या लेण्यातील शिलालेख त्यांपैकी एकाचे नाव सांगतो : वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव. हे वाकाटक वत्सगुल्मचे, म्हणजे आजच्या वाशीमचे. अशा रीतीने एका रंगाचा माग काढीत गेले, तर पाचव्या शतकातील महाराष्ट्राचा व्यापार, राज्यव्यवस्था आणि धर्मजीवन अशी तिन्ही दालने एकाच वेळी उघडतात. इतिहासाच्या पुस्तकात ती तीन निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेली असतात.

वेरूळच्या कैलास लेण्याचेही तसेच. ते आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील आहे, हे वाक्य विद्यार्थी लिहितो आणि गुण मिळवतो. पण हे मंदिर बांधलेले नसून डोंगर वरून खाली उतरत कोरून काढलेले आहे, म्हणजे येथे कळस आधी झाला आणि पाया नंतर, हे ज्याने तेथे उभे राहून जाणले, त्याला ते पुन्हा पाठ करावे लागत नाही. चुकीचा एक घाव पडला तर लावण्यासाठी दुसरा दगड नव्हता, हे ध्यानी आल्यावर त्या अनामिक कारागिरांच्या योजनाशक्तीपुढे मान आपोआप लवते.

कोणतीही कला एकटी शिकता येत नाही, हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्तिकला शिकण्याची इच्छा व्यक्त करतो, तेव्हा ऋषी त्याला सांगतात की त्यासाठी आधी चित्रकला जाणली पाहिजे, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन. आजच्या विषयवार वेळापत्रकाला हा संवाद अडचणीचा वाटेल. पण तो अधिक शहाणपणाचा आहे.

पायाखालचा ठेवा

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. पॅरिस, फ्लॉरेन्स, कैरो पाहणे ज्याच्या ऐपतीत नाही, त्या शिक्षकाने वा कारकुनाने हा विषय कसा शिकावा? आक्षेप प्रामाणिक आहे. पण महाराष्ट्र व गोवा येथे राहणाऱ्याला तो शोभत नाही. प्रागैतिहासिक काळापासून आधुनिक काळापर्यंतची साखळी येथे एक-दोन दिवसांच्या प्रवासाच्या टप्प्यात आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पे आहेत. त्यांपैकी कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब असून त्याच्या देहात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे अशीच शिल्पे आहेत. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली झाडाची मुळी खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशी चार ब्राँझची शिल्पे मिळाली. त्यांचे एकूण वजन साठ किलोंहून अधिक भरले. त्यानंतर भाजे, कान्हेरी, अजिंठा, वेरूळ, घारापुरी. पुढे सिन्नरचे गोंदेश्वराचे मंदिर. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे. आणि शेवटी १८५७ साली स्थापन झालेले मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय.

ही साखळी शेवटी पुन्हा आरंभाकडे वळते, हे तर विशेषच. या कलाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या आणि प्राचीन रेषा नव्या हातांत आली. मुंबईत १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. आधुनिकतेचा पुकारा करणाऱ्या या मंडळींपैकी हुसेन व सूझा १९४८ साली दिल्लीला गेले, ते राष्ट्रपती भवनातील प्राचीन भारतीय कलेचे प्रदर्शन पाहण्यासाठी. गुप्तकालीन शिल्पे व बसोलीची लघुचित्रे यांचा हुसेन यांच्यावर जो ठसा उमटला, तो त्यांच्या पुढील चित्रांत स्पष्ट दिसतो. तिकडे पिकासो १९०७ च्या सुमारास आफ्रिकी मुखवटे न्याहाळीत होता. ‘आधुनिक’ आणि ‘आदिम’ यांच्यामध्ये जी भिंत आपण मानतो, ती कलावंतांनी कधीच मानलेली नाही. वारली स्त्रिया लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चित्रांना प्रागैतिहासिक म्हणण्याची फॅशन पडली. पण जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला कागदावर व कापडावर आणून जगभर नेली, तेव्हा ती आजची आणि जिवंत कला असल्याचे सिद्ध झाले.

न पाहिल्याची किंमत

हा केवळ रसिकतेचा प्रश्न नाही. जे दिसत नाही त्याचे रक्षण होत नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली. आणि त्याने काय केले, तर दहाव्या लेण्यातील एका खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली! त्याच्यामागून आलेल्या असंख्य प्रवाशांनी हाच कित्ता गिरवला. रॉबर्ट गिल यांनी आयुष्याची अनेक वर्षे खर्चून केलेल्या प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत बहुतांशी नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांच्या अनेक प्रतिकृती १८८५ साली साउथ केन्सिंग्टनमध्ये जळाल्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या प्रारंभी निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांकडून दुरुस्ती करवली. तिचा हेतू चांगला होता, परंतु त्या वेळी दिलेले रोगण पुढे पिवळे पडून चित्रे झाकोळली. आग ही आपत्ती, रोगण ही चूक. पण खांबावर कोरलेले नाव हे निव्वळ आंधळेपणाचे फळ आहे.

कोकणातील कातळशिल्पांवरचे संकटही याच जातीचे आहे. २०२२ साली त्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला, ही समाधानाची गोष्ट. पण ज्या जांभ्यावर ती कोरलेली आहेत, तोच जांभा चिरेखाणींतून कापला जातो. त्याच सड्यांवरून रस्ते जातात, बागा उठतात. खाणीवर राबणाऱ्या मजुराला वा जमिनीच्या मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या शाळेत, त्यांच्या गावच्या खडकावर काय आहे, हे कोणी कधी सांगितले होते?

२०१८ साली महाराष्ट्रात दहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात भारतीय कलांच्या इतिहासावर स्वतंत्र प्रकरण आले. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह होते. परंतु ते प्रकरणही जोड्या लावा आणि रिकाम्या जागा भरा यांपुरते उरले, तर विद्यार्थ्याच्या डोक्यात आणखी काही नावांची भर पडेल, एवढेच. शिक्षकाने यासाठी फार मोठी सहल काढण्याची गरज नाही. गावातील जुने देऊळ, वीरगळ, वाड्याची कोरीव चौकट यांपैकी एकच वस्तू निवडावी. मुलांना तिच्यासमोर अर्धा तास बसवून ती वहीत काढावयास लावावी आणि काल, राजा, शैली ही माहिती शेवटी सांगावी. हात चालू लागला की डोळा शोधू लागतो. चित्र बिघडले तरी चालेल. पाहणे बिघडता कामा नये. कारकुनाला रविवारची एक सकाळ कान्हेरीत किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घालवता येईल. मात्र साऱ्या दालनांतून धावत न सुटता एका मूर्तीपुढे थांबण्याचा संयम हवा. एका मूर्तीशी असा परिचय झाला, म्हणजे फ्लॉरेन्सच्या पुतळ्याचे छापील चित्रही अधिक काही सांगू लागते.

पोटाच्या प्रश्नांनी गांजलेल्या समाजाने हे लाड का करावेत, असे कोणी विचारील. शोव्हेच्या गुहेतील माणसाचे पोट आपल्यापेक्षा अधिक निश्चिंतपणे भरत होते, असे समजण्यास काही आधार नाही. तरीही दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात त्याने सिंह रंगवला. ज्या गरजेपोटी त्याने ते केले, ती गरज समजून घेणे म्हणजेच कलेचा इतिहास शिकणे होय. त्यासाठी पदवी लागत नाही, परदेशगमन लागत नाही. आल्तामिराच्या त्या मुलीने केले तेवढेच करावे लागते : जमिनीवरची नजर उचलून वर पाहावे लागते.