फिटची गोळी, ताप आणि आपण

बर्डीवर पुस्तकं घ्यायला गेलो की माझा रूममेट हळूच एका मेडिकल स्टोअरमध्ये शिरतो आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन येतो. व्हॅल्प्रोएट. फिट येऊ नये म्हणून. मागच्या सेमला त्याला सणकून ताप आला, तेव्हा विंगमधल्या एकाने सल्ला दिला, "अरे, या गोळीने प्रतिकारशक्ती कमी होते. ताप उतरेपर्यंत बंद ठेव." त्याने ऐकलं नाही, हे बरंच झालं. पण त्या बोलण्यात खरं किती?

मित्रांनो, या औषधाचा शोधच गमतीशीर आहे. १९६२ साली फ्रान्समध्ये पियर एमार दुसरीच औषधं तपासत होता. ती विरघळवायला वापरलेलं व्हॅल्प्रोइक ॲसिडच फिट थांबवतंय, असं लक्षात आलं!

२००१ मध्ये कळलं की हे औषध 'एचडॅक' नावाची एन्झाइम्स अडवतं. आपल्या पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळावर ॲसिटिल गट चिकटले की धागा सैल होतो आणि जीन वाचता येतो. एचडॅक हे गट काढून टाकतं. मग एचडॅक अडवलं तर संरक्षणाचे जीन जास्त जोरात चालायला हवेत ना?

झालं उलटंच. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की एचडॅक अडवणाऱ्या औषधांमुळे पांढऱ्या पेशींची जंतू ओळखण्याची आणि मारण्याची यंत्रणा मंदावते. कारण जीन दाबून ठेवणारं एक वेगळंच प्रथिन वाढतं. अशा उंदरांना जंतुसंसर्ग जास्त भोवला. पण सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे शरीराचाच प्रतिसाद हाताबाहेर जातो तेव्हा, याच औषधांनी उंदरांना वाचवलं. अलार्मचा आवाज कमी केल्यासारखंच हे : कधी तोटा, कधी फायदा.

म्हणजे आपला सल्लागार अगदीच हवेत बोलत नव्हता. पण हे प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झाले. त्यावरून गोळी बंद करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा! तापात आणि जागरणात फिट येण्याची शक्यता आधीच वाढते. त्यात गोळी अचानक बंद केली तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

खरी काळजी वेगळीच घ्यायची. मेरोपेनेमसारखं अँटिबायोटिक दिलं तर रक्तातलं व्हॅल्प्रोएट एक-दोन दिवसांतच झपाट्याने घटतं. टीबीवरच्या रिफाम्पिसिननेही ते कमी होतं. म्हणून ताप कसलाही असो, डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं : "मी फिटची गोळी घेतो." पेशंट बोलण्याच्या स्थितीत नसेल तर हे कोण सांगणार? रूममेटच! म्हणून निदान रूममेटपासून आणि रेक्टर सरांपासून तरी ही गोष्ट लपवू नका.

आणि कुणाला फिट आलीच तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ हॉस्पिटल गाठा.