साडेपाच अंशांची फट

छत्तीसगडमधल्या अभनपूरच्या बाजूचा तांदूळ राइस मिलमधून बाजारात जातो, तो बरेचदा पांढऱ्या विणलेल्या प्लॅस्टिकच्या पोत्यांत. हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते ज्या प्रॉपिलीन वायूपासून बनतं, तो तेलशुद्धीकरण कारखान्यात एकटा कधी निघत नाही. प्रोपेन सोबत असतंच. प्रोपेनची सोय स्वयंपाकाच्या सिलिंडरात लागते. पोत्याला मात्र ९९.५ टक्क्यांच्या वर शुद्ध प्रॉपिलीन हवं.

अडचण अशी की दोघांतही कार्बनचे अणू तीनच; फरक फक्त दोन हायड्रोजनचा. प्रॉपिलीन उणे ४७.६ अंश सेल्सिअसला उकळतं, प्रोपेन उणे ४२.१ ला. एवढ्याशा फटीवर सगळा धंदा उभा आहे. १०० हून जास्त थाळ्यांच्या उंच मनोऱ्यात मिश्रण पुन्हा पुन्हा उकळायचं, पुन्हा पुन्हा थंड करायचं. २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अंदाजानुसार केवळ इथिलीन आणि प्रॉपिलीन वेगळं करण्यात जगाच्या एकूण ऊर्जेपैकी ०.३ टक्के खर्च होते.

तांदळातली कणी काढायला मिलवाला दोन्ही शिजवत बसत नाही, सरळ चाळतो. वायूंची चाळण करायची तर भोकं रेणूच्या मापाची हवीत. धातूचे अणू सेंद्रिय रेणूंच्या दांड्यांनी जोडून अशी सच्छिद्र जाळी बनते; तिला मॉफ म्हणतात. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं ते याच कामासाठी.

सौदी अरेबियातल्या काउस्ट विद्यापीठाने २०१६ मध्ये केलेली करामत बघण्यासारखी आहे. तिथल्या संशोधकांकडे निकेलची एक जाळी होती, पण तिची खिडकी जरा मोठी. त्यांनी सिलिकॉनच्या खांबांऐवजी नायोबियमचे जाडसर खांब घातले. त्यामुळे खिडकीतल्या पायराझिन या सेंद्रिय रेणूच्या कड्या तिरक्या झाल्या, त्यांना फिरायलाही जागा उरली नाही आणि खिडकी आक्रसली. प्रॉपिलीन आत शिरलं, प्रोपेन बाहेरच राहिलं. मला यात नोबेलपेक्षा हे कौतुकाचं वाटतं: अणूंच्या पातळीवरचं असलं सुतारकाम.

पण प्रयोगशाळेतली चिमूटभर पूड वेगळी आणि कारखाना वेगळा. खऱ्या वायूत ओलावा असतो, आणि अनेक मॉफ पाण्याने ढासळतात किंवा त्यांची छिद्रं पाण्यानेच भरून जातात. या परीक्षेत टिकली ती कॅल्फ-२०, जस्त आणि दोन साध्या सेंद्रिय रेणूंची जाळी. ती कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाची. तिच्यावरच्या २०२१ च्या शोधनिबंधात पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतले रामनाथन वैद्यनाथन सहलेखक आहेत. तिचं काम मात्र वेगळं: ती धुरातला कार्बन डायऑक्साइड धरते, नायट्रोजनला जाऊ देते. कॅनडातल्याच एका सिमेंट कारखान्यात तिने रोज सुमारे एक टन वायू पकडून दाखवला.

रायपूरशेजारच्या बलौदाबाजारचा सिमेंटपट्टा त्या एका कारखान्यापेक्षा किती तरी मोठा आहे. तिथल्या भट्ट्यांच्या धुरातही बाष्प असणारच. जाळी आणणाऱ्याला तिथे पहिला प्रश्न पाण्याचा विचारला जाईल, आणि लगेच दुसरा, किलोच्या भावाचा.