डॉक्टर लवकर होता येतं का?

मुलांनो, ‘मोठेपणी डॉक्टर होणार!’ असं सांगणारे तुमच्या वर्गात पाच-सहा जण तरी असतीलच. पण त्याला वर्षं किती लागतात? चला, बोटांवर मोजू या. बारावीनंतर एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षं, मग एक वर्ष इंटर्नशिप. ताप, दमा, मधुमेह, रक्तदाब असे मोठ्या माणसांचे आजार बघणारा फिजिशियन व्हायचं, तर एम.डी. मेडिसिनची आणखी तीन. झाली साडेआठ! अठराव्या वर्षी सुरुवात केली तर सव्विशी उलटते. ‘हे जरा लवकर नाही का उरकणार?’ असं तुमच्या मनात येईल. आईबाबांच्या मनात तर ते आधीच आलेलं असतं.

तसं पूर्वी लवकर उरकायचं, बरं का. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाल्या. वयाची एकवीस वर्षंही पुरी व्हायची होती! तो अभ्यासक्रमच तीन वर्षांचा होता. पण तेव्हा शिकायला होतं तरी किती? क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं नुकता, म्हणजे १८८२ साली, शोधला होता. क्ष-किरण सापडले ते १८९५ मध्ये. क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये. आणि आनंदीबाई स्वतः क्षयानंच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. जंतू माहीत होता, पण औषध नव्हतं.

आपल्याकडेही पदवीपेक्षा आखूड असा ‘लायसन्शिएट’ डॉक्टरांचा अभ्यासक्रम होता. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलमध्ये असेच डॉक्टर तयार होत. १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीनं सांगितलं, की देशात डॉक्टर एकाच दर्जाचे हवेत. त्याच वर्षी त्या स्कूलचं कॉलेज झालं आणि हळूहळू हा आखूड रस्ता बंद झाला.

अमेरिकेत मात्र घाई पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. तिथं आधी चार वर्षांची साधी पदवी, मग चार वर्षं मेडिकल कॉलेज आणि मग मेडिसिनची तीन वर्षांची ‘रेसिडेन्सी’. दुसऱ्या महायुद्धात डॉक्टर कमी पडले, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्ट्या रद्द करून चार वर्षांची तीन केली. १९७० नंतर बऱ्याच कॉलेजांनी पुन्हा तोच प्रयोग केला, पण मुलं दमून गेली आणि बहुतेकांनी तो सोडून दिला. २०१३ साली न्यूयॉर्क विद्यापीठानं नव्यानं तीन वर्षांचा मार्ग काढला. यातली युक्ती फार छान आहे. सुट्ट्या कमी केल्याच, शिवाय कॉलेजात शिरतानाच पुढच्या रेसिडेन्सीची जागा ठरवून दिली. जागा शोधत हिंडायचा वेळ वाचला! पण गंमत बघा, चार, तीन आणि तीन मिळून झाली दहा. त्यांचा झटपट मार्गसुद्धा आपल्या नेहमीच्या साडेआठ वर्षांहून लांबच की!

आता तुम्ही म्हणाल, हुशार मुलाला कोण अडवतं? वेल्लोरमध्ये जन्मलेला बालमुरली अंबाती १९९५ साली न्यूयॉर्कमध्ये सतराव्या वर्षी डॉक्टर झाला. जगातला सर्वांत लहान डॉक्टर म्हणून गिनीज बुकात त्याचं नाव आलं. पण डोळ्यांचा तज्ज्ञ होण्यासाठी रेसिडेन्सी त्यालाही करावीच लागली. आपल्याकडे तर ‘नीट’ परीक्षेला बसायचं म्हणजे प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पूर्ण हवीत. बारावी कितीही लवकर करा, दार तेव्हाच उघडतं.

खरं सांगायचं तर आपल्याकडे मुलांची वर्षं कॉलेजात नव्हे, कॉलेजाबाहेर जातात. एक-दोन वर्षं ‘नीट’साठी घरी. पुढे एम.डी.च्या प्रवेश परीक्षेसाठी पुन्हा तसंच. गाडी पळते त्याहून जास्त वेळ सिग्नलपाशी उभी! घाईच करायची तर ती इथं करायला हवी. पण हे सरकारच्या आणि विद्यापीठांच्या हातात. मधली तीन वर्षं कापून काय होतं, ते आता बघू.

लोणावळ्याहून पुण्याची लोकल पकडली, की मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव करत ती तळेगावला येते. तिथं १९९५ पासून मेडिकल कॉलेज आहे आणि त्याचं ग्रामीण रुग्णालयही. अशा रुग्णालयातल्या मेडिसिनच्या वॉर्डात एम.डी. करणारा डॉक्टर पुस्तकापेक्षा जास्त वेळ खाटांपाशी असतो. पेशंटची हकिगत ऐकायची, नाडी बघायची, छातीला स्टेथोस्कोप लावायचा, सकाळी राउंडला सरांना सगळं सांगायचं आणि रात्री परत ड्युटी.

मावळात पावसाळा आला, भातलावणी सुरू झाली, की आजारही बदलतात. समजा, पहाटे एका शेतकऱ्याला आणलं. रात्री जमिनीवर झोपला होता. पोट दुखतंय, उलटी झाली. अंगावर जखम नाही, सूज नाही. अजीर्ण वाटेल, हो ना? पण अनुभवी डॉक्टर आधी त्याच्या पापण्या बघतो. त्या जड होऊन मिटायला लागल्या असतील, तर हा मण्यारचा दंश! मण्यार रात्री चावते आणि दाताची खूण बरेचदा दिसतही नाही. थोड्या वेळात श्वासाचे स्नायू लुळे पडतात. लगेच प्रतिविष द्यावं लागतं, वेळ पडली तर श्वासाचं यंत्र लावावं लागतं.

हे पुस्तकात चार ओळींत लिहिलेलं असतं, पण त्या पापण्या ओळखायला त्या बघितलेल्या असाव्या लागतात. तीन वर्षांत डॉक्टरला तीनच पावसाळे मिळतात. दोन वर्षांत उरकलं, तर दोनच. डेक्कन क्वीन मधली स्टेशनं गाळते खरी, पण खंडाळ्याचा घाट तिलाही चढावाच लागतो. पहिल्या पावसाळ्यात नवा डॉक्टर सरांना हाका मारतो. दुसऱ्यात स्वतः ओळखतो आणि सरांना विचारून खात्री करतो. तिसऱ्या पावसाळ्यात मध्यरात्री फोन वाजतो, तेव्हा शेजारी उभा असलेला नवा डॉक्टर त्यालाच विचारत असतो, “सर, याच्या पापण्या अशा का?”